थांबलेली हाक

टिकल्या फोडल्याचा जळका वास आला, की आजही मला ते रान आठवतं. मी विशीत असताना किन्हवलीच्या बाजूला रानडुकरांनी आमचं पिकलेलं भात लोळवलं, म्हणून गावानं हाका काढला. आम्ही कारवीच्या झुडपांतून ओरडत जनावर पुढं हाकायचं आणि टोकाला बंदूकवाला दबून बसायचा. नियम एकच, ओरडणं थांबवायचं नाही, कारण गप राहून हलेल ते डुक्कर समजून तो बार काढणार. शेजारून चुलतभाऊ चिडवत होता, "ओरड रे, सासरी आलास काय?" तेवढ्यात समोरच्या जाळीत सुळे दिसले आणि माझा आवाजच फुटेना. माझी हाक थांबली तसा डुकरानं मला पाडलं असेल असं वाटून चुलतभाऊ स्वतःचं ओरडणं सोडून, वाकून माझ्याकडे यायला लागला. बार झाला. छर्रे त्याच्या मांडीत घुसले. दवाखान्यात त्यानं विचारलं, "तू गप का झालास रे?" मी म्हणालो, "मी ओरडतच होतो, तुला ऐकू नाय आलं." ते त्यानं खरं मानलं. अजूनही मी बोलायला लागलो, की तो लंगडत जवळ येतो आणि कानामागं हात धरतो.