सरळ रेघ आणि हिरव्या बांगड्या

नवरा जिवंत असताना, त्याच्या डोळ्यांदेखत मी बांगड्या फोडल्या. तेव्हा मी चाळिशीची होते आणि सगळ्या गारखेड्यात माझ्याइतकं शहाणं कुणी नाय, असं माझं ठाम मत होतं.

मालकांच्या छातीत सकाळपासून कळ होती. मी ओवा चावायला दिला. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "मायोकार्डियल इन्फार्क्शन आहे." म्हणजे हार्ट अटॅक, हृदयाच्या एका भागाचं रक्त बंद झालं होतं. "ओव्यात दिवस गेला, बाई."

आयसीयूत त्यांच्या छातीवर चिकट गोल लावून वायरी मॉनिटरला जोडल्या. त्या गोलांना इलेक्ट्रोड म्हणतात. हृदयाचा ठोका न् ठोका पडद्यावर रेघेनं दिसत राहतो. भेटायला जेमतेम पाच मिनिटं मिळायची. तेवढ्यातही मी पडद्याकडंच बघायची. माणसाला काही बोलायचंय का, हे विचारायचं सुचलंच नाय.

एका दुपारी सिस्टरची नजर चुकवून पिशवीतलं तिळाचं तेल काढलं आणि त्यांच्या छातीला चोळलं. गोल सुटले. मशीन कोकलायला लागलं, रेघ सरळ झाली. सरळ रेघ म्हणजे माणूस गेला, एवढी डॉक्टरकी मी सिनेमात शिकले होते. डोळ्यांत पाणी यायच्या आधी पलंगाच्या दांडीवर दोन्ही हात आपटले.

सिस्टर धावत आली. तिनं काचा बघितल्या, तेल बघितलं. "अहो ताई, वायर निघालीय नुसती. ते बघा, तुमच्याकडंच बघतायत."

खरंच बघत होते. माझ्या मोकळ्या मनगटांकडं.

तुमचं माणूस आयसीयूत असलं, तर मशीन बघायला सिस्टर असतात. तुम्ही त्याचं तोंड बघा. आणि तेल घरी ठेवा.

मालक त्यातून उठले. पुढं काही वर्षांनी घरीच गेले, तेव्हा उशाला मशीन नव्हतं. गल्लीतल्या बाया बांगड्या फोडायला जमल्या. मी हात पदराखाली घेतले आणि मालकांच्या तोंडाकडं बघत बसले. "हिला काय झालं," बाया कुजबुजल्या. कुणाला काय सांगणार. त्या अटॅकनंतर त्यांना दवाखान्यातून घरी नेताना रिक्षात मी नव्या बांगड्या भरून बसले होते. गारखेडा आल्यावर माझ्या हाताकडं न बघताच ते एवढंच म्हणाले, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाय:

"पुढच्या खेपेला आधी माझ्या तोंडाकडं बघ, मग फोड."