चाचा बंदूक हातातून घेत नसत

चाचा कुणाच्याही हातातून बंदूक घेत नसत. "टेबलावर ठेव. नळी भिंतीकडे. आता बाजूला हो." एवढं झालं की ते पुढे येत. गिऱ्हाईक पुढारी असो की स्वतःचा व्याही, नियम तोच. रत्नागिरीच्या बाजारातलं त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान जेमतेम आठ फुटांचं. मागच्या खुर्चीत धाकटा भाऊ हुसेन बसलेला असे. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. बोटीवर अपघात झाला, असं लोक सांगत.

आंब्याची बाग वांदरांपासून राखायला माझ्या वडिलांकडे परवान्याची एकनळी होती. ती साफ करून घ्यायला त्यांच्याबरोबर मी तिथे जात असे. एकदा आमच्यासमोरच मालगुंडचे एक बागायतदार आले. त्यांना सगळे भाऊ म्हणत. संधिवाताने त्यांची बोटं आखडली होती.

"चाचा, चाप फार जड झालाय. जरा हलका करून द्या."

"चाप हाय तसाच हाय. बोट आखडलंय तुझं. डॉक्टराकडे जा."

"दोन मिनिटांचं काम ओ!"

"दोनच मिनिटांचं. पुढचं जन्माचं."

"हात तुमचा चालत नाय, नि नाव माझ्या बोटाचं!" भाऊ हसत निघून गेले.

पुढे निवडणूक लागली. परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या होत्या. मी तोवर वार्ताहर झालो होतो, बातमीसाठी तिथे गेलो होतो. चाचा आपली बंदूक देऊन परतत होते. रांगेतल्या भाऊंपाशी ते थांबले. भाऊंच्या बंदुकीवरच्या स्क्रूंच्या खाचा ताज्या ओरबाडलेल्या होत्या.

"ही कुणी उघडली?"

"मीच. मोबाइलवर बघून. लोण्यासारखा झालाय चाप."

"रिकामी हाय?"

भाऊंनी बंदुकीकडे पाहिलं. सकाळी वांदरं आली म्हणून त्यांनी ती भरली होती; बार काढायच्या आधीच वांदरं पळाली होती. "थांबा हां, खाली ठेवून बघतो," म्हणत ते वाकले.

"ठेवू नको!" चाचांचा चढलेला आवाज मी तेवढाच एकदा ऐकला. "टेकली तर उडेल. बोट बाहेर काढ. नळी गडग्याकडे."

रांग मागे सरकली. हवालदाराचं पेन थांबलं. भाऊंनी बोट काढून नळी वळवली. चाचा दोन पावलं पुढे गेले आणि त्यांनी बंदूक भाऊंच्या हातातून घेतली. कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्याकडे नळी धरूनच ती उघडली. जिवंत काडतूस फरशीवर पडलं.

भाऊ पायरीवर बसले. ती बंदूक त्यांनी परत नेली नाही.

मी चाचांबरोबर दुकानात आलो. त्यांनी बराच वेळ हात धुतले.

"हुसेन बोटीवर कधी गेलाच नाय," ते म्हणाले. "त्याच्या बंदुकीचा चाप मी घासून हलका केला होता. त्यानं ती दारात टेकवली."

हुसेन समोरच होता. "चहा घ्या," तो म्हणाला. "गार होतोय."

गेल्या वर्षी चाचा गेले. दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर होता. दुकान बंद झालं. हुसेन दाराशी खुर्ची टाकून बसतो. चाप हलका करून मागणारे अजून येतात. हुसेन लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतो.