संताच्या पायाखालचा संकासुर

वाकोल्यात आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात लाकडाचा एक रंगवलेला संत होता. हातभर उंच, पंखवाला, सैतानाला पायाखाली घेऊन त्याच्या गळ्यावर भाला रोखलेला. त्या घरातल्या माझ्या मैत्रिणीच्या आजीने तो रंगवायला बाबांकडे दिला तेव्हा मी चौथीत होते. बाबा सावंतवाडीकडचे. लाकडी खेळणी रंगवणं हा आमचा पिढीजात धंदा, तो गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्यांनी पुन्हा हातात घेतला होता.

संताला त्यांनी जुन्या रंगावर तसाच नवा रंग दिला. सैतानाचं मात्र त्यांना काही सुचेना. शेवटी गावच्या दशावतारी नाटकातला राक्षस, संकासुर, त्यांनी जुन्या रंगावरच आणून बसवला. तोंड काळं कुळकुळीत, लाल जीभ छातीपर्यंत. आमच्यात डोळे सगळ्यात शेवटी काढतात. "बाय, डोळे तू काढ गो," बाबा म्हणाले. माझा एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट झाला. त्यांनी तो पुसला नाही, वरून लाखेचं रोगण चढवलं. मैत्रिणीची आजी पोट धरून हसली आणि म्हणाली, असला सैतान म्हणजे संताला बरीच मेहनत पडली असणार.

पुढे बाबा गेले. त्यांच्या हातचं दुसरं काहीच उरलं नाही, हा एवढा एक संकासुर. मैत्रिणीला हे ठाऊक होतं. दर नाताळला तीच मला त्याच्यापुढे उभी करायची, "बघ, तुझा डोळा."

तिच्या घराच्या जागी टॉवर झाला, ती त्यातच वर राहायला गेली आणि मला तिचा फोन आला. "मेणबत्त्यांची काजळी बसलीय गं त्याच्यावर. कशी काढू?"

मी शहाणी, सगळं सांगितलं. स्पिरिटचा बोळा घे, हात हलका ठेव, जोर लावलास तर रोगण विरघळून बाबांचा रंगच निघून येईल. तिने दोनदा विचारलं, किती जोर? मला वाटलं, किती जपतेय.

नव्या घराच्या प्रार्थनेला गेले. संत चकाचक. त्याच्या पायाखाली कुणी गुलाबी माणूस पडला होता, डोळे मिटलेला.

"झकास ना? ओरिजिनल आहे हा, खाली दडलेला."

"काजळी होती म्हणालीस."

"काजळी कुठली यार. रागावू नकोस, पण आमचे पाहुणे हसायचे. नाटकातला वाटायचा तो. तुला विचारलं असतं तर तू करू दिलं असतंस का?"

नसतं दिलं. म्हणून तिने विचारलं नाही, माझ्याकडून शिकून घेतलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि इथे केसही माझाच होता.

बोळे कुठे आहेत, मी विचारलं.

"ते काळे? पिशवी भरली होती. सकाळीच कचऱ्याच्या गाडीत दिली. केक घे ना."

मी केक घेतला. छान झालाय, असंही म्हणाले. तिचा येतो तितकाच राग आता मला माझ्या त्या ‘छान झालाय’चा येतो.