नानाजींचा लोलक आणि देवकाबाईंचा कुकर

अल्लीपूरच्या नानाजींना काही विचारायचं असलं की ते माणसाला विचारत नसत, कुकरच्या शिट्टीला विचारत.

आता तुम्ही म्हणाल, हा काय येडपटपणा. होताच तो, पण त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. बाकी माणूस एकदम साधा. वांगी पिकवायची, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या, हिंगणघाटच्या बाजारात नेऊन विकायच्या. भानगड सुरू झाली ती जाम गावच्या चौकात. तिथं गाडीची वाट पाहताना त्यांना एक माणूस भेटला. साखळीला खडा बांधलेला, साखळी चिमटीत धरलेली. प्रश्न विचारला की खडा आपोआप हलायचा. गोल फिरला तर हो, पुढं-मागं झुलला तर नाही. याला लोलक म्हणतात आणि हा जमिनीतलं पाणी सांगतो, हरवलेली म्हैस सांगतो, पोटातलं दुखणंही सांगतो, असं तो म्हणाला. नानाजींची गाडी आली अन् गेली, चहावर साय धरली, तरी हे तिथंच उभे.

घरी आले ते तडक स्वयंपाकघरात शिरले. कुकरवरची शिट्टी उपसली आणि गोधडी शिवायच्या दोऱ्याला बांधली. वजन नेमकं, वर दोरा अडकवायला बोंडही आयतंच. बायकोनं, देवकाबाईंनी, विचारलं, माझ्या डाळीचं काय? नानाजी म्हणाले, दोन दिवसांचं तर काम आहे. त्याला आता आठ वर्षं झाली, आणि ती बाई आठ वर्षं गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात, डाळ शिजवत होती. तुरीची डाळ, तीही गंजात. ज्यांनी शिजवून पाहिली त्यांनाच कळेल.

पहिल्याच दिवशी शिट्टीनं हरवलेला विळा शोधून दिला. विळा गोठ्याच्या छपरात खोचलेला निघाला. तिथं तो नानाजींनी स्वतःच्याच हातानं खोचला होता, पण आनंदाच्या भरात हे कोण लक्षात घेतो? झालं, माणूस कामातून गेला.

मग घरामागच्या वावरात बोअर मारायची वेळ आली. देवकाबाई म्हणत होत्या, धुऱ्यावरच्या, त्या बांधावरच्या उंबराजवळ मारा, तिथं भर उन्हाळ्यातही गवत हिरवं असतं. शिट्टी मात्र गोठ्यामागं गरगर फिरली. गोठ्यामागं म्हणजे नानाजींच्या मनात मोटारीची खोली बांधायची होती, बरोबर तिथंच. मशीन आलं, गाव जमलं, आणि दुपारभर नुसता पांढरा फुफाटा उडाला. सगळ्यांचे चेहरे भुतासारखे झाले. आता या माणसानं गप्प बसावं की नाही? पण नाही. चारचौघांत बायकोकडं बोट दाखवून म्हणाले, ही मनातल्या मनात नाही-नाही म्हणत होती, म्हणून खालचं पाणी पळालं.

देवकाबाईंनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली, घरी आल्या, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद. शेजाऱ्यांशी बोलत, गाईशी बोलत, फोनवर पोरीशी तर तासन्‌तास बोलत. नवऱ्याशी एक शब्द नाही. नानाजीही इरेला पेटले. तेही बोलेनात. पुढच्याच वर्षी धुऱ्यापलीकडच्या मोतीलालनं उंबराजवळ बोअर मारला आणि पाणी असं उसळलं की त्याचा दुपट्टा वाहून गेला. तेव्हापासून नानाजींची वांगी मोतीलालच्या पाण्यावर जगत होती. घरात त्याचा विषय निघत नसे, कारण काढणार कोण?

पण संसार म्हटला की विचारावं तर लागतंच. नानाजी ओसरीवर बसून शिट्टीला मोठ्यानं विचारत, देवकाचं डोकं दुखते का? शिट्टी म्हणे हो. मग बाईंच्या उशाशी बाम येऊन पडे, दुखत असे गुडघा. दिवाळीला विचारलं, तिले हिरवं लुगडं पाहिजे का? शिट्टी भिंगरीसारखी फिरली. लुगडं आलं. देवकाबाईंनी त्याचा गोठ्याच्या खिडकीला पडदा केला, आणि गाय तेवढी हिरव्या उजेडात राहू लागली. नानाजींना आतून फार लागलं ते. पण का केलं असं, हे शिट्टीला विचारता येईना. तिला हो आणि नाही, दोनच शब्द येत.

या वर्षी लेक गुंजननं वर्ध्याजवळ पिपरी मेघेत घर घेतलं आणि आईला म्हणाली, ये आता कायमची. देवकाबाईंनी फोनवर हो म्हटलं, तेही ओसरीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. वर्ध्याची गाडी सकाळची. निघायच्या दिवशी त्यांनी थैली भरून ओट्यावर ठेवली. थैलीतून कुकरचा दांडा बाहेर डोकावत होता.

नानाजींची नजर त्या दांड्यावर गेली. लुगडी गेली असती तर माणूस म्हणतो, येईल चार दिवसांनी. कुकर घेऊन जाणारी बाई परत येत नाही. त्यांनी घाईघाईनं दोरा चिमटीत धरला आणि विचारलं, देवका राहीन का? शिट्टी गोल फिरली. अशी फिरली की दोऱ्याला पीळ पडला. नानाजींचा चेहरा उजळला. गाईकडं बघत त्यांनी जाहीर केलं, राहते म्हणते.

देवकाबाई ओटा उतरल्या. नवऱ्याच्या हातातून दोरा काढून घेतला, स्वतःच्या चिमटीत धरला आणि शिट्टीला विचारलं, "मी राहू का इथं?"

आठ वर्षांत तो दोरा दुसऱ्या कोणाच्या हातात गेला नव्हता. शिट्टी जरा थरथरली आणि मग सरळ झुलू लागली, पुढं-मागं, थेट बसस्टँडच्या दिशेनं.

नानाजी बघत राहिले. तोच दोरा, तीच शिट्टी, तोच प्रश्न. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुहा हात हालून राह्यला."

देवकाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "मंग तुमचा?"

नानाजी ओट्याच्या पायरीवर बसले. विळा आठवला. गोठ्यामागचा तो पांढरा फुफाटा आठवला. बायकोकडं दाखवलेलं ते बोट आठवलं. खिडकीतून गाय त्यांच्याकडं हिरवी हिरवी बघत होती. लाज वाटली त्यांना, अगदी कानशिलं गरम होईपर्यंत. स्टँडवरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. देवकाबाईंनी दोरा त्यांच्या मांडीवर टाकला आणि थैली उचलली.

नानाजी गाठ सोडायला लागले. आठ वर्षांची गाठ, नखांना दाद देईना, शेवटी दातांनी तोडली. मग उठून बायकोच्या हातातल्या थैलीतून कुकर ओढून काढला. तिनं थैली घट्ट धरली नाही. नानाजी आत गेले. डब्यातून ओंजळभर डाळ घेतली, धुतली, पाणी ओतलं, झाकण लावायला तीनदा चुकले, आणि एकदाची शिट्टी तिच्या जागेवर बसवली. जन्मात गॅस पेटवला नव्हता. पेटवला.

बाहेर दुसरा हॉर्न वाजला. नानाजींचा हात दोरा शोधत वर आला आणि तसाच रिकामा राहिला. मग त्यांनी दाराकडं तोंड केलं.

"देवका," ते म्हणाले, "किती शिट्ट्या घ्याच्या?"

गाडी स्टँडवरून सुटल्याचा आवाज आला. देवकाबाई दारात तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी थैली खाली ठेवली, आत आल्या आणि कुकर कानाशी धरून हलवून पाहिला.

"तीन," त्या म्हणाल्या. "अन् पाणी कमी हाये."