टायपिंगला आवाज कशाला?

राधानगरीच्या एका वाचनालयात दीप्ती बायकांना संगणक शिकवायची. गोष्ट २००४ सालची. वाचनालयाचे कार्यवाह अण्णासो यांनी कुठल्याशा कचेरीनं मोडीत काढलेले संगणक मागून आणले होते. दीप्तीनं त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली. शेजारच्या चिमणाबाईंनी दूध संस्थेचा अर्ज स्वतः मराठीत टाइप केला, तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती.

जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून दीप्तीनं लिनक्सची नवी आवृत्ती घातली आणि तिथंच घोडं अडलं. टायपिंगचा एवढासा प्रोग्रॅम. तो बसवायला गेलं की म्हणायचा, आधी अमुक पॅकेज, म्हणजे जोडीचा प्रोग्रॅम, आण. ते आणलं की ते तिसरंच मागायचं. इंटरनेट फोनवरून यायचं आणि पावसानं फोनची लाइन बंद. मग एसटीनं कोल्हापूर गाठायचं, इंटरनेट कॅफेत पॅकेजं उतरवून सीडीवर घ्यायची, परत यायचं. तर आणखी एक कमीच. असे हेलपाटे घालून सगळं जमवलं, तर डिस्कच भरली. एवढं काय शिरलं म्हणून बघितलं, तर कळ दाबल्यावर टक् वाजावं म्हणून गाणी वाजवायची अख्खी यंत्रणा! या संगणकांना स्पीकरसुद्धा नव्हते.

"ताई, अर्ज लिवायचाय का बँडबाजा लावायचाय?" अण्णासो ओरडले.

दीप्तीनं पॅकेज बनवणाऱ्यांना मेल लिहिला: आवाजाचा भाग वेगळा करा. उत्तर आलं, 'डिस्क आता स्वस्त झाल्यात. नवीन घ्या.'

कॅफेतली माणसं वळून बघतील इतक्या जोरात तिनं टेबलावर हात आपटला. 'स्वस्त कुणाला?' तिनं उलट लिहिलं. 'तुमचा आळस आमच्या डिस्कवर का ओतता?' त्यावर कुणी उत्तरच दिलं नाही.

मग तिनं प्रोग्रॅमचा मूळ कोड उतरवला. आवाजाचा भाग वगळून तो पुन्हा बांधायला घेतला. चुका निघत राहिल्या, जुनी मशीन तापून बंद पडत राहिली, पण शेवटी प्रोग्रॅम उघडला. नेहमीपेक्षा झटकन उघडला. तिनं ते पॅकेज त्या मूळ बनवणाऱ्यांना पाठवलं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते घेतलं नाही. गगनबावड्याच्या वाचनालयानं मात्र सीडी मागून नेली.

"म्हंजे दर आवृत्तीला तुमी हेच करत बसायचं?" अण्णासोंनी विचारलं.

"व्हय, बसायचं," दीप्ती कडाडली. "आणि दर खेपेला त्यास्नी मेलबी लिवायचा. वाचूदेत, न्हायतर न वाचूदेत."