उभा ‘न्हाई’, बैठा ‘न्हाई’

रंगनाथ जाधव कागद वाचत नसे. कागदावरच्या माणसाला तो आमच्या खोलीत आणून उभा करी. “घरात शिलाईयंत्र आहे काय?” हा प्रश्न तो साहेबी थाटात विचारी आणि लगेच आवाज चिरका करून स्वतःच उत्तर देई, “आगं बया, मिशिन कुठलं? हितं सुई घावंना!” समोरच्या अर्जावर मात्र एकच शब्द लिहिलेला असे : नाही.

सत्तरनंतरची ती पहिली वर्षे. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या कुटुंबांची एक सरकारी पाहणी झाली होती. शाळामास्तरांनी घरोघर जाऊन अर्ज भरले होते आणि ते गठ्ठ्यांनी भोरच्या बाजारपेठेतल्या एका माडीवर येऊन पडले होते. अर्जांतले शब्द अंकांत बदलून चौकटीच्या तक्त्यांवर उतरवणे हे आमचे काम. ते तक्ते पुण्याला जात, तिथे त्यांवरून भोके पाडलेली कार्डे तयार होत आणि एक यंत्र ती कार्डे चाळून हवी ती माहिती वेगळी काढी, असे आम्हांला सांगितले होते. यंत्र आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे, अशी जोडी असे. जाधव वाचणारा, मी लिहिणारा. लिहिलेला तक्ता समोरच्या टेबलावर सुमनकडे जाई. ती पेन्सिल आणि रबर घेऊन तो तपासत असे.

माझे अंक छापल्यासारखे येत. चौकटीची रेघ मी कधी ओलांडली नाही. एवढ्या गुणावर एका मुलीचे लक्ष वेधून घेता येईल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सुमनला हसू आले की ती आधी हातातले रबर खाली ठेवी, नाहीतर हात हलून भलतीच चौकट पुसली जायची. रंगनाथ वाचू लागला की ते रबर दिवसभर टेबलावरच पडून राही. मीही अधूनमधून एखादी विनोदी गोष्ट सांगून पाहिली. सुमन सभ्यपणे मान हलवी. रबर हातातच असे.

रंगनाथचा मला हेवा वाटे. तो कामथडीहून एसटीने येई, बहुधा उशिरा, गळ्याभोवती रुमाल गुंडाळून आणि सगळ्यांची नावे घेत. “काय भाऊसाहेब, आज चौकटी लई सरळ दिसत्यात, जेवलासा वाटतं!” हे बोलणे प्रेमाचे होते, हे मला तेव्हाही कळे. पण खोलीतले सगळे हसत, सुमनही हसे, आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम होत.

त्याचा आणि आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या साहेबांचा रोजचा वाद एका शब्दावरून होता. नियम सोपा होता. ‘आहे’ला एक, ‘नाही’ला शून्य, आणि माहितीच मिळाली नसेल तर नऊ. रंगनाथ प्रत्येक ‘नाही’पाशी थांबे, अर्ज उजेडात धरी आणि मला विचारी, “भाऊसाहेब, ह्यो न्हाई उभा का बैठा?”

पहिल्या दिवशी मला काही समजले नाही. त्याने समजावले. “अवो, मास्तर दारात आला. बाई घाईत हाय, चुलीवर काय तरी उतू चाललंय. ती उभ्या उभ्या न्हाई म्हंती. त्यो उभा न्हाई. त्येचा अर्थ, आत्ता जावा. त्येला नऊ. पर माणूस घोंगडीवर टेकला, पान खाल्लं, चार गोष्टी झाल्या, आन् मग न्हाई म्हणला, तर त्यो बैठा न्हाई. त्येला शून्य.”

“जाधव,” साहेब पलीकडून म्हणत, “कागदावर जे लिहिलं आहे तेवढंच वाचा.”

“व्हय साहेब. पर मास्तरांनी उत्तर लिवलं, माणूस बसला हुता का न्हाई, ते कुठं लिवलंय?”

सुमनचे रबर टेबलावर.

रेडिओच्या प्रश्नावर तर त्याला ऊत येई. रेडिओला परवाना लागे, त्यामुळे मास्तरांपुढे लोक तो लपवत, अशी त्याची खात्री होती. किकवीच्या एका घराबद्दल त्याने हट्टच धरला. “ह्यांच्यात रेडू हाय. म्या एसटीतनं जाताना गानी ऐकल्यात. उभा न्हाई हाय ह्यो. नऊ घाला.” मी शून्य घातले. त्याने साहेबांपर्यंत नेले. पुढे त्या गावचे मास्तर कामानिमित्त भोरला आले, तेव्हा खुलासा झाला : गाणी शेजारच्या चहाच्या दुकानातली होती. त्या घरात रेडिओ नव्हताच.

मला अतोनात आनंद झाला. तो दिवस माझा व्हायला हवा होता. पण सगळ्यात मोठ्याने हसला तो रंगनाथच. “आरं देवा! बिचारा घोंगडीवर बसून खरं सांगत हुता, आन् म्या त्येला उभा केला की!” त्याने त्या घरमालकाची हात जोडून माफी मागितली, म्हणजे अर्जाची, आणि सुमनच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आले. बरोबर ठरलो होतो मी. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

काम संपत आले. शेवटचे गठ्ठे वेल्ह्याचे होते. ते उतरून झाले की माडी बंद होणार आणि सुमनशी बोलण्याचे निमित्तही संपणार, या भीतीने मी एका संध्याकाळी धीर केला. ती घरी निघाली होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर तिला गाठून मी विचारले, “आमच्या घरून तुमच्याकडे कोणी विचारायला आलं, तर चालेल का?”

“नाही,” ती म्हणाली आणि खाली उतरून गेली.

मी परत येऊन माझ्या जागी बसलो. रंगनाथ अर्जांचे गठ्ठे बांधत होता. माझा चेहरा पाहून त्याने विचारले आणि का कोण जाणे, मी सगळे सांगितले. त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही सांगायला हवे होते. तो दोरीला गाठ मारत राहिला. एक गाठ पुरेशी होती. त्याने तीवर दुसरी मारली. मग मान वर न करता म्हणाला, “उभा का बैठा?”

“चेष्टा करू नका, जाधव.”

“चेष्टा न्हाई. जिन्यात गाठलंसा व्हय तिला? भर पेठेवर? अवो, जिन्यात कुनी बी न्हाईच म्हनंल. बसवा की तिला. हितं बाक हाय.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सुमनच्या टेबलापाशी बाक ओढले. ती रबर हातात घेऊन तक्ते आवरत उभी होती. “जरा बसता का? कालचंच विचारायचं आहे.”

तिने बाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “हे तुम्हाला जाधवांनी सांगितलं ना?”

खोटे बोलणे मला कधी जमले नाही. “हो,” मी म्हणालो.

तिने रबर खाली ठेवले आणि ती हसली. पोटभर हसली, बाकावर बसली आणि म्हणाली, “पाठवा.”

माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सुखाचा तो क्षण होता, आणि त्या क्षणातले हसू माझे नव्हते. या एका गोष्टीशी मी पुढे अनेक वर्षे एकट्याने भांडत आलो आहे.

माडी बंद झाल्यावर रंगनाथला पुण्याला त्या यंत्रापाशीच काम मिळाले. त्याला निरोप द्यायला मी एसटी स्टँडवर गेलो. त्याचे आभार मानावेत असे मनात होते. तोंडातून निघाले ते वेगळेच. “जाधव, तुम्हाला कधी कोणाला विचारावंसं वाटलं नाही?”

“न्हाई,” तो म्हणाला आणि रुमाल सारखा करत हसला. गाडी गच्च भरली होती. त्याला बसायला जागा नव्हती.

पुढे त्याचे लग्न झाले, मुली झाल्या. सणासुदीला भेटी होत. आमच्या घरी आला की तो चपला काढण्याआधीच सुमनला हसवी, आणि मी चहा टाकण्याच्या निमित्ताने आत जाई.

परवा कामथडीचे एक गृहस्थ बाजारात भेटले. रंगनाथ गेला, झोपेतच गेला, असे त्यांनी सांगितले. घरी आलो तेव्हा सुमन अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला सांगितले. तिने हातातला ओला टॉवेल तसाच बादलीत परत ठेवला. बराच वेळ ती दोरी धरून उभी होती.

या वयात विचारू नये, ते मी विचारले. “तुझ्या मनात कधी तो होता का?”

“नाही,” ती म्हणाली.

तुळशीजवळ आमची वेताची खुर्ची रिकामी होती. मी त्या खुर्चीकडे पाहिले. सुमनने माझ्याकडे पाठ केली होती, तरी तिला ते दिसले असावे.

“बसू का?” तिने विचारले.

“नको,” मी म्हणालो, आणि बादलीतला टॉवेल पिळून तिच्या हातात दिला.