ओढणी काही फाटेना

पडदा वर गेला, असं समजा. समोर राजवाडा नाही, रंगपटाची खोली आहे. खुंट्यांवर तीन सैनिक, एक राजा आणि दोन भिकारी लोंबकळताहेत, सगळे आतून रिकामे. खिडकीखाली स्टुलावर मावशी बसली आहे. दातांत दोरा, मांडीवर राजाची विजार आणि डोळ्यांतून पाणी.

ते पाणी रडण्याचं नव्हे. चाळीस वर्षं सुईच्या नेढ्यात बघून तिचे डोळे सदा पाझरत. एखादी नवखी नटी घाबरून विचारायची, "मावशी, काय झालं हो?"

"राजाची विजार फाटली बाई. याहून मोठं दुःख कोणतं?"

तिच्या जगात फाटण्याला अंत नव्हता. मी कंपनीची नायिका; माझा घसा बसला की "पोरीचा आवाज फाटला." चहाचं दूध नासलं की तेही फाटलं. आमच्या नायकाचं आणि माझं बोलणं बंद झालं तेव्हा तिने सगळ्यांना सांगितलं, "फाटलंय दोघांचं, पण शिवणीवर. जुळेल." जुळलं. गेली बेचाळीस वर्षं तो घोरतो आणि मी ऐकते.

आमच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायक जखमी होऊन पडायचा. मी ओढणीची पट्टी टर्रकन फाडून त्याच्या दंडाला बांधायची. टाळी हमखास! ओढणी मात्र एकच. दर प्रयोगानंतर मावशी ती पट्टी पुन्हा जोडायची, मुद्दाम कच्च्या टाक्यांनी, म्हणजे पुढच्या वेळी एका हिसक्यात सुटावी.

एके सकाळी नाटक कंपनीचे मालक रंगपटात आले.

"मावशी, डोळे फार गळतात तुमचे. दिसत नाही आता तुम्हाला. दुपारचा प्रयोग बघतो. एक जरी टाका उसवला, तरी उद्यापासून घरी बसा."

"घरी बसून काय करू मालक? तिथे काही फाटतच नाही." मावशी एकटी राहायची.

मालक गेल्यावर तिने दार लावून घेतलं ते दुपारीच उघडलं.

दुसरा अंक. नायक पडला. मी ओढणीला हिसका दिला. काही नाही. दुसरा दिला. दातांत धरली. पट्टी हलेना.

"अगं आटप," नायक ओठ न हलवता पुटपुटला, "सगळं रक्त वाहून गेलं माझं."

"गप मर!"

"कात्री देऊ का गं?" पहिल्या रांगेतून एक आजी ओरडल्या.

मग मी ओढणीवर पाय दिला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. फाटली! पण पट्टीच्या जागी नाही. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अशी की मागच्या रांगेतले झोपलेले दचकून उठले. माझ्या हाती अर्धी ओढणी. तीच नायकाच्या दंडाला गुंडाळली. उरलेली त्याच्या तोंडावर गेली. लोक एका हाताने डोळे पुसत होते, दुसऱ्याने मांडीवर थापा मारत होते.

पडदा पडताच मालक ओढणीचे तुकडे घेऊन रंगपटात शिरले. "पट्टी का सुटली नाही?"

"तुम्हीच म्हणालात, टाका उसवायचा नाही. मी सगळंच पक्कं रफू केलं."

"कुठाय रफू?"

मालकांनी चष्मा चढवला, तुकडे खिडकीशी नेले, उलटे केले, सुलटे केले. जोड सापडेना. मी पाहिलं, नायकाने पाहिलं. आम्हालाही नाही.

मावशीने पदराने डोळे टिपले आणि बोट ठेवलं. "हा काय."

मालक बोटावर नाक टेकेपर्यंत वाकले. तरी दिसेना. शेवटी सरळ होऊन म्हणाले, "उद्या चारला प्रयोग आहे. जोडून ठेवा. आणि पट्टी कच्चीच घाला, तुमच्या पाया पडतो!" त्यानंतर अकरा वर्षं तिचं स्टूल कुणी हलवलं नाही.

मावशीने तिथल्या तिथे, पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. मालक अजून तिथेच, जोड शोधत उभे.

"व्हा आता बाजूला. उजेड अडवताय."